कॅनरीचा पितळी झोपाळा

आमच्या कुंभकोणमच्या घरात झोपाळ्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. मधल्या खोलीत माणसांचा सागवानी ऊंजल, त्यावर सासूबाईंसमोर मी कधी टेकत नसे. देवघरात देवाचा पितळी झोपाळा. आणि सासूबाईंचा पिवळा कॅनरी पक्षीसुद्धा पिंजऱ्यात एका वेड्यावाकड्या काटकीवर झोके घेई. पन्नास-एक्कावन्न साल असेल, माझ्या लग्नाला सहाच महिने झाले होते. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला तंजावरला गेल्या आणि जाताना पक्षी माझ्या हवाली केला. त्या घरात पहिल्यांदाच माझ्यावर काही सोपवलं गेलं होतं. माझी छाती फुगली.

फुगली ती फुगली, वर मी अक्कलही पाजळली. ती कळकट काटकी बंबात घातली, आणि उत्सवापुरता बाहेर निघणारा देवाचा चिमुकला झोपाळा चिंचेने लख्ख घासून पिंजऱ्यात टांगला. दिसत होता मात्र सुरेख. दुसऱ्या दिवशी पाहते तर पक्षी तळाशी बसलेला, पिसं फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन. गाणं बंद. तो दगावला तर सासूबाईंना काय तोंड दाखवणार होते मी?

त्याच दुपारी तिरुभुवनम्‌चे म्हातारे विणकर लुगडी दाखवायला आले. त्यांनी पिंजऱ्यात हात घालून पितळेची पट्टी चाचपली. एवढी रुंद, एवढी गुळगुळीत. याने नखं रोवायची कुठे, असं मला तमिळमध्ये विचारलं आणि परसातल्या पेरूची फांदी आणवली. सालीसकट एक काटकी झोपाळ्याला, दोन त्याखाली पिंजऱ्याच्या दोन टोकांना. मधलं अंतर त्याला उडूनच कापावं लागेल, पंखांना काम हवं, म्हणाले.

मी दाणे तळाशीच पसरून ठेवत होते. पाचव्या दिवशी तो खालच्या काटकीवर चढला, मग समोरच्या टोकाला उडाला. नवव्या दिवशी सकाळी झोपाळ्यावर बसून असा गायला की मी चुलीपुढे ढसाढसा रडले. सुटले एकदाची.

सासूबाई परतल्या. नवी काटकी त्यांच्या नजरेतून सुटली नाही. मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. त्या ऊंजलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा पहिला पक्षी त्याच पितळेवरून पडून मेला. कोणास सांगितलें नाहीं आजवर. हा तूं वाचिवलास."

मग जरा सरकून त्यांनी मला ऊंजलावर जागा करून दिली.