खळ्यातलं मातेरं

कुकरमधून आंबेमोहोराचा वास सुटला की घरातले खूश होतात, माझं मात्र डोकं तापतं. सत्तरच्या दशकात अण्णा, माझे वडील, मुळशीतल्या आमच्या गावी देवळाचे गुरव होते. वर्षभराच्या पूजेबद्दल सुगीत भात मिळायचा. पाटील द्यायचे ते खळं झाडून निघालेलं मातेरं, मातीखड्यांसकट. एका उत्सवाला अण्णांनी तेच कांडून, खडे न निवडता शिजवलं आणि प्रसाद म्हणून वाढलं. पाटलांच्या दाताखाली कचकन खडा आला.

"गुरवा, तांदूळ निवडत न्हाईस व्हय?"

"तुमच्याच खळ्यातला हाय, पाटील," अण्णा म्हणाले.

पुढल्या सुगीला पाटलांनी देवाच्या प्रसादासाठी स्वच्छ आंबेमोहोर वेगळा पाठवला. आमच्या पोत्यात मातेरंच होतं.