मुजावर सिस्टरांच्या सात सह्या

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, आणि तो माझ्याच बॅचचा डॉक्टर आहे. तुम्हाला सांगते, कारण — कारण काय? आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

मागच्या महिन्यात आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. जेवणं उरकली आणि विषय निघाला तोच — कॉलेजनं आपल्याला शिकवलं काय? काही नाही म्हणे. नुसती हमाली. रिपोर्ट आणा, रक्ताच्या बाटल्या आणा. एकजण म्हणाला, डिग्री तिथं मिळाली, पण हात चालायला लागले ते बाहेर पडल्यावर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटारडी कुठली! माझे हात तर तिथंच शिकले होते, आणि कुणी शिकवले तेही मला पक्कं ठाऊक होतं.

मुजावर सिस्टरांनी. इंटर्नशिपला माझी लेबर रूमची पाळी आली तेव्हा त्या तिथल्या इन्चार्ज. बुटक्या, पण आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा. बाई बाळंत झाली की आम्हाला वाटायचं, सुटलो. त्यांचं काम तिथून सुरू व्हायचं. माझा हात धरून बाईच्या पोटावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तासभर हात काढायचा न्हाय. पिशवी घट्ट लागाय पायजे. मऊ लागली की रगत जातंय, चोळ आणि मला हाक मार." तासभर! मोबाईल नाही, पुस्तक नाही. मी डॉक्टर होणार, आणि ही बाई मला पोट धरून बसवते? राग यायचा हो, खरंच सांगते. पण डिलिव्हरी करताना माझ्या हातावर त्यांचा हात असायचा आणि तेव्हा तो मोठा आवाज एकदाही चढला नाही. अशा सात केल्या मी.

लॉगबुकात वीस डिलिव्हरींच्या सह्या लागायच्या. बाकीच्या का झाल्या नाहीत? कारण मी वॉर्डात नव्हतेच. पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला बसत होते आणि मैत्रीण हजेरीच्या मस्टरवर माझी सही ठोकत होती. शेवटच्या आठवड्यात लॉगबुक सिस्टरांपुढे ठेवलं, जरा लाडात येऊन वीसच्या वीस सह्या मागितल्या. त्यांनी चष्मा लावला. "सात केल्यास. सातच लिव्हणार की." सात सह्या केल्या आणि वही माझ्या हातात दिली.

आता पुढचं — कसं सांगू? शिवाजी पेठेत वाढलेली मी. चूक झाली की आपणच आवाज चढवायचा, एवढंच येत होतं. त्याच आठवड्यात आम्हाला एक फॉर्म दिला होता. प्रशिक्षणाचा दर्जा कसा वाटला? मोकळेपणानं लिहा, नाव घालू नका. मी लिहिलं — लेबर रूमच्या सिस्टर इंटर्नना डिलिव्हरीला हात लावू देत नाहीत, आयांची कामं करायला लावतात. धादांत खोटं. एवढ्यावर थांबले का? नाही. विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन डोळ्यांत पाणी आणून तेच सांगितलं. पोरीवर अन्याय झाला म्हणून मॅडमनी उरलेल्या तेरा जागांवर स्वतः सह्या केल्या.

पंधरा दिवसांत मुजावर सिस्टरांना स्टोअरला टाकलं. चादरी मोजायला. रिटायर होईपर्यंत त्या तिथंच होत्या. मी सर्टिफिकेट आणायला गेले तेव्हा दारातून दिसल्या — आणि मी मागच्या जिन्यानं गेले. माझ्यानंतरच्या पोरींचा हात कुणी धरला असेल?

पहिली नोकरी सरकारी आरोग्य केंद्रात, कागलजवळ. एमआयडीसीत कामाला जाणारी एक बाई, दुसरं बाळंतपण, सगळं सुरळीत. बाकीचे चहाला गेले. मी सवयीनं पोटावर हात ठेवून बसलेले. पंचविसाव्या मिनिटाला हाताखाली पिशवी मऊ पडली. रक्त दिसायच्या आधी हाताला कळलं. चोळलं, हाक मारली, इंजेक्शन दिलं — पिशवी आवळली, बाई वाचली. ती अजून जोतिबाहून आली की प्रसाद आणून देते. माझे उपकार मानते. मी तो प्रसाद घेते. पुढं मी स्त्रीरोगच शिकले, कागलात दवाखाना टाकला, आणि माझ्याकडं जे काही चांगलं आहे ते मुजावर सिस्टरांनी दिलेलं आहे. देवाशपथ, त्यांची आठवण आल्याशिवाय माझ्या हातून एक बाळंतपण होत नाही.

गेल्या आठवड्यात त्या आल्या. सुनेला घेऊन, माझ्याच दवाखान्यात. माझं नाव शोधून आल्या होत्या. नात झाली. मी सुनेच्या पोटावर हात ठेवून बसले, सिस्टर शेजारी स्टुलावर. केस पांढरे झालेत, आवाज तोच. सुनेला सांगत होत्या, "माझ्या हाताखालची हाय ही. सात केल्यात हिनं माझ्याजवळ." सात! इतक्या वर्षांनी आकडासुद्धा लक्षात.

मग नातीचं दुपटं नीट केलं आणि म्हणाल्या, "मला तिथनं का काढलं कुणास ठाऊक. कुणीतरी पोरांनी लिहून दिलंतं म्हणं. जाऊ दे. तू तरी शिकलीस की."

तास व्हायला अजून वीस मिनिटं होती. मी हात तसाच ठेवला, मान वर केली नाही. लिहून देणारी मीच होते.