कौतिकनानांची कोवळी भट्टी

कौतिकनाना मला पहिल्यांदा दिसले ते हप्त्याहप्त्याने. सोनगीरला एका लग्नात पुरणाचे मांडे कुठवर आलेत ते बघायला मी मांडवामागे गेलो होतो. हे काम मी प्रत्येक लग्नात, कुणीही न सांगता करतो. तिथं इतका धूर होता की हायवेवरच्या ट्रकांनी भरदुपारी दिवे लावले होते आणि सोनगीरचा किल्ला अर्धा तास जिल्ह्यात नव्हता. त्या धुरातून आधी एक खोकला बाहेर आला. मग मिशा आल्या. मग बऱ्याच वेळानं, मिशांच्या मागोमाग, नाना आले. त्यांनी माझ्या पोटाकडे कारागिराच्या नजरेनं पाहिलं.

"भाऊ, भट्टी मोठी शे तुमनी. कोनी बांधी?"

"मीच," माझी बायको सुलक्षणा मागून म्हणाली. त्या एका शब्दावर तिचं आणि नानांचं जमलं. मी दोघांच्या मध्ये उभा होतो, पण भट्टीला कोण विचारतं?

धुळ्यापासून जामनेरपर्यंत लग्नांच्या आणि हॉटेलांच्या कोळशाच्या भट्ट्या बांधण्यात नानांचा जन्म गेला. मग सगळीकडे गॅसच्या शेगड्या आल्या. नानांना बोलावणारे एकेक करून कमी झाले. काम नसलं की ते स्वतःच्या घरची चूल मोडायचे आणि पुन्हा बांधायचे. त्यांचा मुलगा स्वप्नील सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. तो दर रविवारी फोन करायचा, "बाबा, इकडे या." नाना दर रविवारी सांगायचे, "काम शे रे."

शेवटी खरोखरच काम निघालं, ते आमच्याकडे. सुलक्षणाला घरून मांडे करून विकायचे होते. मांडा भाजायचा तो खापरावर, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या मातीच्या भांड्यावर. आमच्या गॅसवर मांडा मधोमध जळायचा आणि कडेला कच्चा राहायचा. म्हणून जळगावात मेहरूणच्या आमच्या घरामागे नानांनी दगडी कोळशाची भट्टी बांधली. वर खापर बसेल एवढं तोंड, मध्ये लोखंडी जाळी, जाळीखाली राख काढायला आणखी एक तोंड आणि मागे धुराडं.

पहिल्या दिवशी नानांनी चार काटक्यांचा जाळ केला. थोड्या वेळात भट्टीच्या अंगावर पाण्याचे थेंब उभे राहिले. मी धावत जाऊन नळाची गळती बुजवायचं सिमेंट घेऊन आलो.

"भाऊ, हाई काय शे?"

"भट्टी गळतेय, नाना!"

"कोवळी शे ती. पहिला जाळमा रडस. तुम्ही नका रडू."

दुसऱ्या दिवशी खरा कोळसा घालायचा होता, आणि नेमका त्याच सकाळी स्वप्नील गाडी घेऊन दारात उभा राहिला. त्यानं नानांचे कपडे सोनगीरहून आणलेच होते.

"बाबा, बठ्ठा सामान गाडीमा शे. हाई भट्टी पेटनी तर तुम्ही ऱ्हा इकडेच, मी परत इचारनार नही. नही पेटनी तर आजच चला."

"पेटी ती," नाना म्हणाले, म्हणजे पेटेलच. मिशीला हात लावला आणि चहा प्यायला आत गेले.

मी भट्टीपाशी एकटाच होतो. थंडीचे दिवस. जळगावात विस्तव दिसला आणि त्यात वांगं टाकलं नाही, असं आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. लग्नातल्या होमाकडे बघतानाही आमच्या मनात भरीत येतं. कालच बाजारातून भरताची हिरवीगार वांगी आणली होती, एकेक लहान बाळाच्या डोक्याएवढं. मांडे वर, वांगी खाली, कोळसा तोच. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी चार वांगी जाळीखालच्या तोंडात सरकवली. चौथं जरा दाबूनच बसवावं लागलं.

मग नाना आले. कोळसा घातला, पेटवला आणि भट्टीनं आमच्यावर धूर सोडला. सगळा धूर वरच्या तोंडातून पुढे. धुराड्यातून एक फुंकरसुद्धा नाही.

नाना म्हणाले, धुराडं थंड असेल. त्यात पेटता कागद धरला. कागद विझला. मी म्हणालो, वारा कमी पडतोय. घरातला टेबलफॅन आणून समोर लावला. सगळी राख उडाली आणि स्वप्नीलच्या पांढऱ्या शर्टावर बसली. भिंतीपलीकडून शेजारच्या नर्मदाबाई अक्का ओरडल्या, "भाऊ, नजर लागनी भट्टीले! मिरच्या टाका!" मी शिकलेला माणूस. मूठभर टाकल्या. पुढची दहा मिनिटं मेहरूणमध्ये कुणी कुणाशी बोलू शकलं नाही.

"तुम्ही जरा आत जाऊन बसा," सुलक्षणा डोळे पुसत म्हणाली.

"मी मदत करतोय."

"तेच म्हणतेय मी."

खोकला ओसरला तेव्हा नाना खाली बसून थापी पिशवीत घालत होते. मिशाही खाली आल्या होत्या. "भट्टी माले वळखत नही आते," ते एवढंच म्हणाले. स्वप्नीलला खरं तर हेच हवं होतं, पण तो बापाकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

आणि तेवढ्यात तोच थबकला. नाक वर केलं.

"बाबा, भरीतना वास कुठून ई राह्यना?"

मी फॅनची वायर गुंडाळायला लागलो.

स्वप्नीलनं वाकून खालच्या तोंडात पाहिलं. चिमट्यानं एक वांगं ओढलं. मग दुसरं. चौथं निघालं तशी भट्टीनं मोठ्ठा श्वास घेतला, धूर धुराड्यात चढला आणि जाळीवर कोळसा लाल झाला.

"ह्या वांगा कोनी टाकात?" नानांनी विचारलं.

कुणीच माझं नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," नाना म्हणाले, "तुमना नाकमा कोनी वांगं कोंबं तर तुम्ही पेटशात का?"

त्या दिवशी मांडे चादरीसारखे पातळ उतरले. भरीतही झालं, त्याला मिरच्यांचा जरा जास्तच वास होता. स्वप्नील पोटभर जेवला, बापाच्या पाया पडला, कपड्यांचं बोचकं गाडीतून काढून ओट्यावर ठेवलं आणि एकटाच सुरतेला गेला.

त्यानंतर नानांना भट्टीचं एकही काम आलं नाही. होळी झाल्यावर ते स्वतःच एसटीनं सुरतेला गेले.