कोंडेश्वरावरची जावई-परीक्षा

आमच्या शेजारच्या काकांइतका चिकित्सक माणूस बदलापूर-कुळगावात दुसरा झाला नसेल. अंबरनाथला तर नाहीच, कारण तिथल्या प्रत्येकाची त्यांनी स्वतः तपासणी केली होती. त्यांचा धंदाच तो. तिथल्याच आगपेट्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. गठ्ठ्यातली एक पेटी काढायची, पेटीतली एक काडी ओढायची आणि तिच्यावरून साऱ्या गठ्ठ्याचं भवितव्य ठरवायचं. ही सवय संध्याकाळी कारखान्यातच ठेवून यावी, हे त्यांना कधी सुचलं नाही. भाजीवालीच्या एका भेंडीचं शेपूट मोडून ते अख्खी टोपली नापास करीत. उल्हासनगरच्या कॅम्पात धोतरजोडी घ्यायला गेलो, तेव्हा सूत ओढून, हुंगून, उन्हात धरून त्यांनी इतका वेळ लावला की सिंधी दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, कपडा लेना है, या उससे रिश्ता जोडना है?"

खरोखरचा रिश्ता जोडायची वेळ आली तेव्हा तर काकांनी कमालच केली. मुलगी लग्नाची झाली, स्थळं येऊ लागली. इतर घरांत मुलगा येतो, पोहे खातो, मुलीला दोन प्रश्न विचारतो. आमचे काका त्याला पोहे खाऊ देत आणि लगेच उठवून कोंडेश्वराला नेत. खरवईवरून शेतांच्या बांधांनी, पुढे रानातून, सगळं पायी. आधी महादेवाचं दर्शन, मग धबधबा. डबा धरायला मी. रानात शिरताना ते प्रत्येकाला बजावत, "हे देवाचं रान आहे. इथलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही." काकू दारातून कळवळून म्हणत, "अहो, मुलाला मुलगी दाखवायची सोडून धबधबे कसले दाखवता?"

पहिल्या मुलाने वाटेत तीनदा घड्याळ पाहिलं; बाद. दुसऱ्याने धबधब्याखाली साबण काढला. तिसरा देवळाच्या पायरीवर शीळ घालत बसला. चौथा बडा अधिकारी होता. तो धबधबा पाहून "बरा आहे" म्हणाला. "बरा?" घरी पोहोचेपर्यंत काका एवढंच पुटपुटत होते. अशी तीन वर्षं गेली. काकू आमच्याकडे येऊन डोळे पुसू लागल्या आणि मलाही काकांचा राग येऊ लागला.

पाचवा मुलगा कल्याणच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. दसरा होऊन गेला होता, पाणी निवळलं होतं. त्याने घड्याळ पाहिलं नाही; बहुधा त्याच्याकडे नव्हतंच. धबधब्यासमोर तो काही न बोलता बसून राहिला. पण निघताना शेवाळावर त्याचा पाय घसरला, तेव्हा त्याने खाली पडलेली एक काठी उचलली आणि तिच्या आधाराने गप्पा मारत तो थेट खरवईपर्यंत आला. तिथे भात कापणाऱ्या एका म्हाताऱ्याने विळा थांबवला.

"कोंडेश्वरावरनं आलाव ना? मंग देवाची काठी भायेर कशी आनली?"

मुलाचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. काकूंना काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. मुलगा मात्र "मी ठेवून येतो" एवढंच म्हणाला आणि आल्या वाटेने परत फिरला. जायला तास, यायला तास.

आम्ही बांधावर बसलो.

"काका, तुम्ही पाहिली नव्हती काठी?"

"उचलली तेव्हाच पाहिली."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी बांधालगतची भाताची एक लोंबी ओढून तिचा दाणा नखाने दाबून पाहिला. "म्हटलं, हाही नापास होईल. राहील आणखी वर्षभर घरात पोर." मग हळूच म्हणाले, "पण हा परत येणार हो. मला तर भीतीच वाटतेय."

माझा तीन वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं मला त्यांचं, अगदी मनापासून.

उन्हं कलताना तो आला. पाय चिखलाने माखलेले. काका उठले आणि घराकडे चालू लागले. चालता चालता त्याने विचारलं, "तुमच्या मुलीला फार आवडत असेल ना धबधबा? नेहमी येत असतील तुमच्याबरोबर."

काका थांबले. आलेल्या प्रत्येक स्थळाला तिथे नेऊन आणणाऱ्या या माणसाने पोटच्या मुलीला एकदाही नेलं नव्हतं. कधी मनातच आलं नव्हतं त्यांच्या.

"नाही पाहिला तिनं," ते म्हणाले. "तू दाखव तिला."