पेट्या जागवणाऱ्या कौसाताई

बंद पडलेला कम्प्युटर समोर आला की कौसाताई आधी त्याचा वास घ्यायच्या. स्क्रू काढायच्या आधी, वायर लावून बघायच्याही आधी. दोन्ही हातांनी तो स्वतःकडे वळवायच्या, मागच्या जाळीला नाक लावायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मग निकाल यायचा. "ही नुस्ती धुळीनं कोंदलीय." किंवा, "हिचं आतडं जळालंय. हिचं सामान दुसऱ्या दोघींना घाला." कम्प्युटर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांच्यासाठी ती पेटी होती.

पहिल्याच दिवशी हे बघून मला हसू आलं. मी नुकताच डिप्लोमा केला होता. बजाजनगरच्या टोकाला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या संस्थेचं काम चालायचं. वाळूजच्या कंपन्यांनी आणि शहरातल्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेले कम्प्युटर तिथं यायचे, दुरुस्त व्हायचे आणि कन्नड-सिल्लोडकडच्या खेड्यांतल्या शाळांना जायचे. त्यांच्यासोबत आम्हीही जायचो, शिक्षकांना आणि मुलांना शिकवायला. मला 'प्रशिक्षक' म्हणून घेतलं होतं. कौसाताईंच्या नावापुढं काय लिहिलंय, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

"हसतीस काहून?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "मेंढी बिमार पडली की आमचा बा आदी तिच्या तोंडाचा वास घ्यायचा. मंग औषीद. वास खोटं बोलत नाय, वर्षा. मान्सं बोलत्यात."

कौसाताई धनगराच्या. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. "चौथी मी चार गावांत मिळून शिकले," असं त्या सांगायच्या, आणि त्यात तक्रार नसायची. कळप जिथं थांबेल तिथल्या शाळेत जाऊन बसायचं, कळप हलला की उठायचं. लग्नानंतर त्या वाळूजला आल्या. नवरा लवकर गेला. मग गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या कारखान्यात त्यांनी बारा-तेरा वर्षं काढली. तिथं हाताला वायरींना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, सवय झाली. कारखान्यानं कामगार कमी केले, तेव्हा त्या आमच्या शेडमध्ये झाडू मारायला आल्या. झाडता झाडता एक दिवस टेबलाशी बसल्या, आणि नंतर झाडायला दुसरी बाई ठेवावी लागली.

मला कॉलेजात जे शिकवलं नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. रॅमच्या पट्टीचे दात काळे पडले तर शाळेतल्या साध्या खोडरबरनं पुसायचे. फुगलेला कॅपॅसिटर बोटानं चाचपून ओळखायचा. जुन्या कम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की कम्प्युटर तारीख विसरतो आणि चालू केल्यावर वीस-वीस वर्षांपूर्वीचं साल दाखवतो. बाकी सगळं ठीक असेल तर आम्ही तो तसाच पाठवून द्यायचो. कौसाताई नाही. सेल बदलल्याशिवाय पेटी शेडबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. "आज कोन्ता दिस हाय ते जिला म्हाईत नाय, ती पोरांना काय शिकवनार?"

शाळांमध्ये मी फळ्याजवळ उभी राहून बोलायची आणि त्या मागं वायरी जोडत बसायच्या. पण मुलं हळूहळू मागं सरकायची. एकदा वळून बघितलं तर माझ्यासमोर फक्त दोन गुरुजी उरले होते. बाकी सगळे कौसाताईंभोवती गोळा झाले होते आणि त्या एक पेटी उघडून दाखवत होत्या. "ही हिची याददाश्त. आन् हा पंखा, डोस्कं थंड ठेवाया. तुमच्या मास्तरला पन एक बसवू." मुलं खदखदून हसत होती. एक गुरुजीही हसत होते.

सिल्लोडच्या बाजूला एका शाळेत आम्ही दहा कम्प्युटर दिले होते. चार महिन्यांनी गेलो तर दहाही कपाटात, वर चादरी, दाराला कुलूप. मुख्याध्यापक सरळमार्गी माणूस होते. म्हणाले, "मॅडम, पोरं मोडतील. मोडलं तर वर जबाब मला द्यावा लागतो." मी त्यांना उद्देश वगैरे समजावत बसले. कौसाताईंनी माझं बोलणं संपू दिलं नाही. "सर, एक पेटी भाईर काढा. चालू करा."

पेटी सुरू झाली. कौसाताईंनी ती बंद केली, प्लग काढला, झाकण उघडलं, आतली रॅमची पट्टी उपसून स्वतःच्या पदराला पुसली आणि टेबलावर ठेवली. मग प्लग लावून बटण दाबलं. नुसतीच शिटी वाजली, पडदा काळा.

"मोडली," कौसाताई म्हणाल्या. "आता बोलवा कुनाला तरी."

दारात पाचवी-सहावीच्या मुली उभ्या होत्या. त्यातल्या रुखसार नावाच्या मुलीला त्यांनी जवळ घेतलं, प्लग काढायला लावला आणि पट्टी हातात दिली. कशी बसवायची ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "खाच बग. ती सांगती." रुखसारनं दोनदा चुकीच्या बाजूनं धरली, तिसऱ्यांदा ती टक्‌ करून बसली. प्लग लावल्यावर पडदा उजळला तेव्हा त्या मुलीनं आधी मुख्याध्यापकांकडं पाहिलं, ओरडा बसतो की काय म्हणून. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्या दिवसापासून ती शाळा आमची सगळ्यात चांगली शाळा झाली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

पिशोरजवळच्या एका शाळेत कार्यक्रम होता. पिशोर माझं गाव, त्यामुळं वडील आणि चुलते येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. ज्यांनी कम्प्युटर दिले त्या कंपनीचे साहेब आले होते. मी छान बोलले, टाळ्या मिळाल्या. साहेबांनी कोपऱ्यात वायरी गुंडाळणाऱ्या कौसाताईंकडं बोट करून विचारलं, "आणि या कोण?"

"मदतनीस आहेत आमच्या," मी म्हणाले.

का म्हणाले? खोटं नव्हतं, कागदावर तेच होतं. पण कागदावरचं सांगायला मला कुणी भाग पाडलं नव्हतं. ज्यांच्याकडून मी सगळं शिकले त्या बाई चौथी शिकलेल्या आहेत, हे वडिलांसमोर, त्या साहेबांसमोर मला नको होतं. कौसाताईंनी ऐकलं. त्यांचा वायर गुंडाळणारा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला. परतताना टेम्पोत त्या खिडकीशी बसल्या होत्या. एरवी प्रत्येक रानात कुठलं गवत आहे ते सांगत यायच्या. त्या दिवशी बजाजनगर येईपर्यंत मांडीवरच्या वायरी सोडवून पुन्हा गुंडाळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारख्याच म्हणाल्या, "च्या पिलीस का?"

त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांचा भाऊ गेला. कळप घेऊन रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. मागं भावजय, दीडशे मेंढरं आणि आठवीतली आशा. आशा सिल्लोडला वसतिगृहात राहून शिकत होती. भावजयीला एकटीनं कळप झेपणार नव्हता. कळप विकायचा, नाहीतर आशाला शाळेतून काढून मेंढरांमागं लावायचं, अशी बोलणी चालली होती. कौसाताईंनी तिसराच मार्ग काढला.

"एक हंगाम जाते," त्या म्हणाल्या. "पोरगी धाव्वी होईस्तवर कुनी तरी पायजे ना मागं."

हंगाम एक आणि दहावी दोन वर्षांनी, हा हिशेब जुळत नव्हता. त्यांनाही हे कळत होतं, मलाही. मी म्हणाले, "तुम्ही गेल्यावर इथं कसं व्हायचं?" त्यांनी माझ्या गालाला हात लावला. हाताला कथलाचा, डागाच्या धुराचा वास होता. "तुला येतं की सगळं. बोलाया तर लईच येतं."

त्या शेवटच्या वाक्यावर मी कित्येक रात्री अडकून राहिले.

त्या गेल्यावर मी ऑफिसच्या मागं लागले. कौसाताईंच्या हाताखाली किती शाळा शिकल्या ते लिहून काढलं. शिक्षण अमुक इतकंच हवं, हा नियम बदलायला वर्ष गेलं. शेवटी पत्र निघालं. 'कौसल्या' हे पूर्ण नाव, त्यापुढं 'वरिष्ठ प्रशिक्षक'. फोन करायचा तर त्यांचा नंबर बहुतेक वेळा बंदच असायचा. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी वडिलांनी सहज सांगितलं की यंदा खतासाठी मेंढरं बसवलीत आपल्या खालच्या रानात. कळप एका बाईचा आहे, मोठी हुशार बाई, त्यांच्या मोबाईलमधली तारीख नीट करून दिली तिनं. मी पुढच्याच बसनं पिशोर गाठलं.

कौसाताई बांधाच्या बाभळीखाली बसल्या होत्या. रापल्या होत्या, वाळल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, बाजूची जागा हातानं झाडली. बसले तर त्यांनी सुरू केलं, "त्या तांड्यावरच्या शाळेतली तीन नंबरची पेटी गरम व्हायची, पंखा बदलला का? रुखसार कितवीला?" एकेका शाळेतली एकेक पेटी त्यांना पाठ होती. मी उत्तरं दिली. मग पत्र पुढं केलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं, अक्षर लावत. 'वरिष्ठ'पाशी थोड्या अडल्या. दुसऱ्यांदा वाचलं. मग नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

"आशीला दावीन."

"ताई, त्या दिवशी शाळेत मी तुम्हाला..."

"कोन्त्या दिवशी?"

"साहेब आले होते त्या दिवशी."

"नाय आठवत," त्या म्हणाल्या. ज्या बाईंना प्रत्येक शाळेतली प्रत्येक पेटी आठवत होती, त्या म्हणाल्या, नाय आठवत. आणि मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. कळपातलं एक कोकरू भरकटलं तेव्हा उठल्या, त्याला वळवून आल्या.

"चला ना माझ्याबरोबर," मी म्हणाले.

"ह्यांना कुनाच्या हवाली करू?" त्यांनी मेंढरांकडं हात केला. "तुझं तू कर. लई चांगलं करतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तळ हलवला. सामान घोडीवर लादलं, भावजय पुढं, कौसाताई मागं. मी रस्त्यापर्यंत गेले. "येते," त्या म्हणाल्या, आणि कुठं जाणार ते सांगितलं नाही. चारा दिसेल तिकडं जाणाऱ्यांना ते माहीतही नसतं.

त्या वर्षी खालच्या रानात मका असा आला की वडील बांधावर उभे राहिले तर दिसत नव्हते. सुट्टीत घरी गेले तेव्हा एक कणीस सोलत ते म्हणाले, "त्या बाईला फोन करून सांग गं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुनाच्या रानात जाऊ नका म्हणावं. आपल्याच इथं बसा."

कौसाताईंचा नंबर आता लागत नाही. बाईचा आवाज येतो, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी वडिलांना ते सांगितलं नाही.

"सांगते," मी म्हणाले.