गाडी हिमाचलची, पत्ता पाटणचा

मे महिन्यात साताऱ्याच्या आरटीओ ऑफिसबाहेर माझी हुशारी पार उघडी पडली. तीही तात्यांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर... आता सगळं मार्गी लागलंय म्हणून सांगते.

माझा धाकटा भाऊ संदीप फौजेत आहे, पोस्टिंग हिमाचलला. तिथंच त्यानं एक छोटी गाडी घेतली. तात्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आठवड्यातून दोनदा कराडला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, आणि आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनानगरच्याही वरच्या अंगाला. एसटीनं जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. गाडी घरी ठेवायची, चुलतभाऊ चालवणार, असं ठरलेलं.

गाडी तिकडं घेतली कारण रोड टॅक्स आपल्यापेक्षा कमी. तीच गाडी, तेच मॉडेल, पण हातात पडेपर्यंतच्या किमतीत चांगलाच फरक. गावात दोन दिवस हाच विषय होता... "तिकडं टॅक्स लय कमी हाय म्हणं."

पण हा आनंद गाडी इकडं आणेपर्यंतच असतो. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात आणली की पुन्हा नोंदवावी लागते. तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, गाडीचं वय धरून इथला टॅक्स भरायचा, आणि तिकडच्या उरलेल्या टॅक्ससाठी तिकडं वेगळा अर्ज करायचा. थोडक्यात, वाचलेलं बरंचसं इथं भरायचंच.

मी कुपवाडला एका कारखान्यात डिस्पॅचची कागदपत्रं बघते. कंपनीच्या नावावर कार घेतली की टॅक्स जास्त का पडतो, हे आमच्या मालकांना मीच समजावलं होतं. त्यामुळं संदीपचा एनओसीचा फॉर्म मी फोनवरून ऐटीत भरून घेतला. 'कोणत्या आरटीओकडे' असं आलं तेव्हा त्यानं विचारलं, आणि मी म्हटलं, सातारा टाक.

त्यालाही वेगळं काही सुचलं नाही. बराकीत कुणी गाव विचारलं की तो इतकी वर्षं 'सातारा'च सांगतो, आणि इकडं सांगलीत मीही माहेर साताराच सांगते. कोयनेच्या वरचं आमचं गाव कुणाला कळणार... शिवाय खरं सांगायचं तर गाडीवर साताऱ्याचं एमएच ११ असावं ही हौस दोघांनाही होती.

संदीप रजेवर गाडी घेऊन आला. साताऱ्याला गेलो तेव्हा तात्यांनाही घेतलं होतं, तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं म्हणून. खिडकीवरच्या बाईंनी संदीपचं आधार बघितलं आणि शांतपणे सांगितलं की पाटण तालुक्याचं पासिंग कराडला होतं, एमएच ५०. आमची एनओसी साताऱ्याच्या नावाची, म्हणजे ती तिकडून रद्द करून कराडच्या नावानं नवीन आणायची, त्यात दोनेक महिने जाणार. संदीपची रजा दोन दिवस उरली होती.

बाहेर एक एजंट भेटला. "आवं ताई, कशाला एवढा ताप करून घेताय? हितल्या खोलीचा भाडेकरार दावू, पत्ता बदलू, हितंच काम हुईल."

खोटं आहे हे मला कळत होतं. पण तात्यांचा उजवा पाय एसटीच्या पायरीवर कसा अडतो तेही मी बघितलं होतं. मी हो म्हटलं. संदीपही तयार झाला आणि गाडीत बसलेल्या तात्यांना सांगायला गेला.

तात्यांची जीभ अजून जड आहे. एकेक शब्द सुटा करत ते बोलले.

"मी सा वर्साचा हुतो तवा धरणाच्या पाण्यात गाव गेलं. वर नव्या जागंला गावाचं नाव कागदावर लागंस्तवर माझ्या बापाची निम्मी हयात गेली. आन तुमी दोन म्हैन्याच्या सोयीसाटनं ते काढून टाकताय व्हय रं?"

मग म्हणाले, "मी यष्टीनं जाईन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संदीपनं कागद फाईलमध्ये घातले आणि गाडी सुरू केली.

पुढं दोन महिन्यांहून जास्त गाडी दारात ताडपत्रीखाली उभी होती. कागद पुरे झाल्याशिवाय ती काढायची नाही, असं संदीप बजावून गेला होता. तात्या एसटीनंच जात राहिले... शनिवारी मी सांगलीहून कराडच्या स्टँडवर जाऊन त्यांना उतरवून घ्यायची. पावसात दोनदा थेरपी बुडली, तेव्हा मला रडू आलं. ते मात्र पुढच्या वेळी पुन्हा एसटीनंच निघाले.

संदीपनं तिकडं खेटे घालून कराडच्या नावाची एनओसी काढली, चार दिवसांची रजा टाकून आला, टॅक्स भरला, गाडी दाखवली. तिकडच्या टॅक्सचा परतावा अजून यायचा आहे. येईल तेव्हा येईल.

गेल्या आठवड्यात पोस्टानं आरसीचं कार्ड आलं. सगळं इंग्रजीत, म्हणून तात्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी नंबर वाचला, मालकाचं नाव वाचलं. "त्ये म्हाईत हाय मला. पत्ता वाच," म्हणाले.

मी गावाचं नाव वाचलं, तालुका पाटण, जिल्हा सातारा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आनी एकदा."

मी पुन्हा वाचलं... या वेळी सावकाश.

त्या दिवशी तुम्ही अडवलंत ते बरं केलंत, तात्या.