डबा न खाल्लेला साक्षीदार

ज्ञानकोशाच्या संपादकांनी आमच्या सरचिटणीसांना फसवलं. आधी एक भाव ठरवला, आणि माल दारात आणून ठेवल्यावर माप बदललं. मी इथल्या कोठी भागातल्या बाजारात भांडी विकून वर आलेला माणूस आहे. परभणीकडून आलो तेव्हा अंगातल्या सदऱ्याखेरीज माझं काही नव्हतं, त्यामुळे फसवणूक कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवू नये. आणि फसवलं तरी कोणाला? अख्ख्या हैदराबादेत ज्याला फसवायला काडीचंही कसब लागत नाही अशा एकुलत्या एका गृहस्थाला.

त्यांची माझी ओळख झाली तीच मुळी भांडणातून. निजामाच्या संस्थानाचे शेवटचे दिवस होते, माणसं रोज पकडली जात होती. अशात हे जामबागेतले किडकिडीत गृहस्थ दुकानात आले आणि त्यांनी कडीचे पितळी डबे मागितले, तेही पुष्कळ. मी सवयीप्रमाणे चढा भाव सांगितला. चढा भाव हे बोलण्याचं निमंत्रण असतं. समोरच्यानं हसावं, उठून जाण्याचं नाटक करावं, मग बाजार सुरू व्हावा. हे म्हणाले, "बरं." मला इतका संताप आला की मीच भाव खाली आणला. त्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, "का हो शेटजी, डब्यात काही दोष आहे का?" अशा माणसाशी व्यवहार करायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी आपणच घासाघीस करायची. तेव्हापासून मी तेच करत आलो आहे.

ते बंदी हितरक्षक मंडळाचे सरचिटणीस होते. मंडळात माणसं चार. अध्यक्ष कायम अंथरुणावर, एक सभासद भित्रा आणि एक कंपाउंडर. उरलेलं सगळं मंडळ म्हणजे सरचिटणीस. पोटासाठी ते अदालतीत उर्दू कागदांचे मराठी तर्जुमे करायचे. त्या नादात त्यांनी तुरुंगाचे सगळे नियम तर्जुमा करून पाठ केले होते. कैद्याला कांबळी किती, घरच्यांची भेट केव्हा, वकील कधी मागता येतो, आजाऱ्याला दूध कोणाच्या सहीनं मिळतं, हे सगळं ते तुरुंगाच्या फाटकाशी उभे राहून पहारेकऱ्याला म्हणून दाखवायचे. पहारेकरी पहिल्यांदा हाकलायचे. पुढे पुढे तेच पहारेकरी त्यांना बाजूला घेऊन आपल्या स्वतःच्या रजेचे नियम विचारू लागले, आणि सरचिटणीस तिथंच भिंतीला कागद टेकवून त्यांचे अर्ज लिहून द्यायचे.

फाटकावर डब्यातली प्रत्येक भाकरी फोडून बघत, आत चिठ्ठी आहे का म्हणून. फोडणाऱ्याचे हात कसले असत ते विचारू नये. तेव्हा सरचिटणीसांनी ठरवलं की आपणच स्वच्छ हातांनी तुकडे करून पाठवायचे. भाकरीचे तुकडे, वांग्याच्या फोडी, लाडू तर पार भुगा. ही सवय त्यांच्या घरातून आजतागायत गेलेली नाही. त्यांच्याकडे जेवायला गेलात तर अख्खी पोळी दिसायची नाही. पुतणीला बघायला मंडळी आली तेव्हा समोर बेसनलाडवांचा भुगा आला. मुलाच्या वडिलांना वाटलं, या घरात लाडू वळता येत नाहीत. सरचिटणीसांनी त्यांना तुरुंगाच्या झडतीची पद्धत सविस्तर समजावून सांगितली. पुतणी आत रडायला लागली. एवढ्यात मुलाचे काका चिमूटभर भुगा तोंडात टाकून म्हणाले, "हा लाडू मी आत असताना खाल्लाय." लग्न तिथंच ठरलं.

दुसरी खोड चौकशीची. हॉटेलात, दवाखान्यात, शाळेत, जिथं म्हणून चार भिंतींत माणसं असतील तिथं ते हळूच जवळ जाऊन विचारतात, "इथं वागणूक कशी आहे?" माझी मुलगी माहेरपणाला आली होती, तिची सासू पोचवायला आली होती, आणि या गृहस्थांनी सासूच्या देखत तिला विचारलं, "तिथं वागणूक बरी आहे ना? भेटीला सोडतात का? तक्रार असेल तर आत्ताच सांग." माझी बायको पुढे कित्येक दिवस त्यांना चहा देत होती, पण बोलत नव्हती. त्यांना फक्त चहा दिसला.

पण सगळ्यांत मोठी खोड नावाची. त्या दिवसांत नाव उघड झालं की माणूस आत जायचा, म्हणून मंडळाचा नियमच होता की नाव कुठे येता कामा नये. अर्ज जायचा तो कुणा बड्या वकिलाच्या सहीनं. वर्तमानपत्रात कुणी चुकून मंडळाचं कौतुक करायला निघालं, तर सरचिटणीस स्वतः छापखान्यात जाऊन, हातापाया पडून, खिळे जुळवलेली ओळ काढायला लावायचे. पकडला गेला त्यानं मंडळ कबूल करायचं नाही आणि बाहेरच्यांनी त्याला ओळख द्यायची नाही, हेही ठरलेलं. चौघांनी शपथ घेतली होती.

कंपाउंडर पकडला गेला. तो चिक्कडपल्लीचा तेलुगू माणूस, मराठी आमच्याहून स्वच्छ बोलणारा. फाटकावर त्याच्याजवळ डब्यांची चवड सापडली. डबे कोणाचे म्हणून विचारलं तर तो गप्प. कोणाचेच नाहीत म्हणजे चोरीचे, असा पोलिसांचा हिशेब. चोरीच्या आरोपाखाली त्याला सजा झाली, आत दुखणं लागलं, आणि सुटून आल्यावर वर्षभरात तो गेला. पोलीस ॲक्शन झाली, राजबंदी सुटले, हारतुरे झाले. पण कंपाउंडर राजबंदी नव्हताच, कागदोपत्री तो भांडीचोर. त्याच्या बायकोनं शिवणकाम करून दोन मुलं सांभाळली. दिरांनी घरात घेतलं नाही, चोराची बायको म्हणून. सरचिटणीस महिन्यातून एकदा तिच्याकडे जात. तिची मागणी एकच, तीही फार हळू आवाजात, "अण्णा, कुठं तरी छापून येऊ द्या. माझ्या दिरांना वाचून दाखवेन."

म्हणून राज्य विलीन झाल्यावर आपल्या भागाचा मराठी ज्ञानकोश निघतो आहे असं कळलं, तेव्हा सरचिटणीस वहाणा न घालता धावले. संपादक तारनाक्याचे प्राध्यापक. शेवटच्या वर्षी ते स्वतः आत होते, आणि आत काय खात होते ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी बरोबर गेलो, कारण सरचिटणीस एकटे गेले असते तर पहिल्याच वाक्याला "बरं" म्हणून परत आले असते.

संपादकांनी चहा मागवला, जुन्या आठवणी काढल्या, डब्यातल्या जवसाच्या चटणीची तारीफ केली. मग म्हणाले की नोंद घ्यायची तर संस्था नोंद घेण्याजोगी आहे हे दिसलं पाहिजे. संस्थेबद्दल संस्थेनंच लिहिलेलं चालत नाही, बाहेरच्या माणसानं नाव घेऊन लिहिलेलं, छापलेलं पाहिजे. मी विचारलं, किती ठिकाणी? ते म्हणाले, "एका ठिकाणी असलं तरी बस." मी विचारलं, "नोंद पक्की?" ते म्हणाले, "पक्की." मी हात पुढे केला, त्यांनी हातात हात दिला. आमच्या बाजारात यापुढे बोलणं नसतं.

मग शोध सुरू झाला. जुन्या वर्तमानपत्रांच्या चळती आम्ही पालथ्या घातल्या. मंडळाचं नाव कुठेच नाही. कसं असणार? सगळीकडून काढणारा माणूस माझ्या शेजारी बसून पानं उलटत होता. एका अंकात मजकुराच्या मधोमध एक ओळ कोरी दिसली. सरचिटणीसांनी चष्मा सारखा केला आणि थोड्या अभिमानानं म्हणाले, "ही माझी." मी हातातला गठ्ठा जमिनीवर आपटला.

शेवटी मलाच सुचलं की मित्रांनी नाव लपवलं, तर नाव घेतलं असेल ते शत्रूनं. तुरुंगाचे जुने दरोगासाहेब पुराण्या शहरात राहत होते, नोकरी गेलेली, दाढी वाढलेली. आम्हाला बघून हसले, पेटीतून जुन्या सरकारचा छापील उर्दू अहवाल काढला. त्यात आमचं मंडळ चांगलं पाऊण पान होतं, नावानिशी. कैद्यांना नियम शिकवून बिघडवणारी, पहारेकऱ्यांना फितवणारी, साहेबांना अर्जांनी जेरीस आणणारी टोळी, असं वर्णन. आणि या मंडळाचा एक माणूस डब्यांसह फाटकावर पकडला, हेही. सरचिटणीस वाचता वाचता थांबले. मी दरोगासाहेबांना विचारलं की बाकी कोणी नाव घेतलं नाही, तुम्हीच कसं घेतलं?

"जो सताता, उसका नाम लिखना पड़ता ना जी," ते म्हणाले. "बहोत सताए तुम लोगां मेरेकू." मग सरचिटणीसांकडे न बघता म्हणाले, "वो आदमी चोर नहीं था. मैं जानता था. मुँह नहीं खोला वो, मैं क्या करता?"

याहून चोख माल कुठे मिळणार होता? विरोधकानं लिहिलेला, सरकारी, छापील. आम्ही तो घेऊन तारनाक्याला गेलो. संपादकांनी वाचला, मान डोलावली, टिपण करायला लेखणी उचलली. आणि तेवढ्यात आमचे सरचिटणीस, कोणी विचारलं नसताना, म्हणाले की एक गोष्ट सांगायला हवी. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि सांगितलं की पोलीस ॲक्शननंतर हेच दरोगासाहेब काही महिने आत होते, आणि तेव्हा त्यांचाही डबा मंडळाकडूनच जात होता. कैदी तो कैदी.

संपादकांची लेखणी खाली आली. म्हणाले, मग हा साक्षीदार तटस्थ राहिला नाही. तुमचं खाल्लेला माणूस तुमच्याबद्दल लिहितो, असं लोक म्हणतील.

"अहवाल आधीचा आहे, डबा नंतरचा," मी म्हणालो. "आधी लिहून मग खाल्लेला माणूस मिंधा कसा?"

ते म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे. मी म्हणालो, तुम्हीही तोच डबा खाल्लात, मग तुम्ही इथं निवाडा करायला कसे बसलात? त्यावर ते शांतपणे म्हणाले की म्हणूनच ते स्वतः निर्णय घेणार नाहीत, प्रकरण समितीकडे देतील. समितीत सगळे असे, जे त्या शेवटच्या वर्षी एक दिवसही आत गेले नव्हते. डबा न खाल्लेला माणूस हवा असेल तर तो तसाच मिळणार. त्यांतल्या एकानं मला जिन्यात गाठून सांगितलं, पोलीस ॲक्शननंतर डबे निजामाच्या माणसांनाही गेले, हे नसतं निघालं तर बरं झालं असतं. तेव्हा मला खरं माप कळलं. सरचिटणीसांना ते मी सांगितलेलं नाही.

खंड छापून आला. तुरुंगांच्या नोंदीत एक वाक्य आहे: काही सेवाभावी नागरिक कैद्यांना अन्न पोचवीत असत. मी पुस्तक भिरकावणार होतो. सरचिटणीसांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वाक्य खोटं नाही, शेटजी." मी म्हणालो, दरोग्याचा अहवालच तर्जुमा करून बाईला द्या. ते म्हणाले, दिला. दीर म्हणाले की तर्जुमा तुमचाच, त्याला काय किंमत?

त्यानंतर ते चिक्कडपल्लीला गेलेले नाहीत. संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसतात, गिऱ्हाईक आलं की सरकून वाट देतात, आणि मी भाव करत असलो की मान वळवून ऐकतात, जणू या वयात शिकायचं आहे. परवा ती बाई दुकानात आली. सरचिटणीस तिला बघताच मागच्या खोलीत गेले आणि मोठ्या पातेल्यांच्या आड उभे राहिले. तिनं त्यांची चप्पल पायरीवर पाहिली असणार. ती एवढंच म्हणाली, "अण्णांना सांगा, छापून नाही आलं तरी या म्हणावं." ती गेल्यावर ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.

संपादकमहाशय, मी पुन्हा भाव करायला येणार नाही, आणि सरचिटणीस तर तुमच्यावर रागावायलाही तयार नाहीत. तेव्हा मला उत्तर देऊ नका. चिक्कडपल्लीला जा, तिच्या दिरांना बोलावून घ्या, आणि तिच्यासमोर त्यांना सांगा, तो माणूस चोर होता की नव्हता. तुम्ही आत होतात. तुम्हाला माहीत आहे.